उन्हाळी सुट्टीतले पक्षी

पक्षी बघायचे तर थंडीत, हे आता तिसरीतल्या पोरालाही पाठ असतं. थंडीत बदकं येतात, उरणच्या पाणथळीत रोहित उतरतात, रविवारी पहाटे कॅमेरेवाल्यांच्या गाड्या रस्त्याकडेला ओळीने लागतात. मे महिन्यात मुलांचं शिबिर घेऊन कर्नाळ्याला चालले म्हटलं की पनवेलात ओळखीचं कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, एवढ्या उन्हात काय दिसणार?" उभी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला सुका सोडायचा नाही ही खोड लागली आहे. आपल्या मुलखातल्या पक्ष्यांबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं उन्हाळ्यात कळलेलं आहे, आणि सुट्टीवर असलेल्या माणसांनी शोधलेलं आहे. भर बाजारात एवढंच सांगून होतं. बाकीचं इथे सांगते.

थंडीतला पक्षी पाहुणा असतो. खातो, पितो आणि मार्चात चालता होतो. घरचा पक्षी संसाराला लागतो तोच मुळी ऊन तापायला लागल्यावर. तांबट वाळक्या फांदीत बीळ कोरतो, राखी धनेशाची मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, हळद्या आणि कोतवाल फांदीच्या बेचक्यात वाटी विणतात. पिल्लांची चोच उघडायला आणि पहिल्या सरींबरोबर अळ्या-किडे उसळायला एकच गाठ पडावी, असा सगळा बेत. त्यामुळे शीळ ऐकायची ती याच दिवसांत, भांडणं बघायची ती याच दिवसांत, आणि कोण कोणाला काय भरवतं हे कळतं तेही याच दिवसांत. शिवाय निम्मं रान निष्पर्ण असतं. पक्षी लपणार कुठे?

या हंगामाची किंमत कागदावर पहिल्यांदा मांडली ती बंदूकवाल्यांनी आणि अंडी जमवणाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासायचा म्हणजे तो मारायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. अंड्याला बारीक भोक पाडून आतलं सगळं फुंकून काढायचं आणि रितं टरफल पेटीत ठेवायचं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने 1873 ते 1875 या काळात भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर ग्रंथ काढला, तेव्हा त्याला माहिती पुरवणारे लोक होते मुलकी अधिकारी, पलटणीतले साहेब, रेल्वेचे नोकर. कचेरीचं काम संपवून हे लोक झाडावर माणूस चढवायचे. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली भरभक्कम यादी डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात 1878 साली छापली. ह्यूमचा संग्रह ऐंशी हजारांच्या घरात गेला होता. 1885 साली त्याने तो लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवणाऱ्यांत तो पुढे होता. इतिहासाच्या पुस्तकात काँग्रेसवाला ह्यूम भेटतो. पक्ष्यांचा ह्यूम तिथे नसतो, म्हणून मी तो मुलांना हटकून सांगते.

या साहेबलोकांत मला जवळचा वाटतो तो एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. 'ई. एच. ए.' या सहीने लिहायचा. जन्म 1851 चा आणि तोही साताऱ्याचा, बाप स्कॉटिश मिशनरी. डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवली आणि मग कस्टम आणि मिठाच्या खात्यात शिरला. मीठ पिकतं उन्हात. म्हणजे उरणच्या मिठागरांवर देखरेख करणाऱ्या माणसाचा ऐन कामाचा हंगाम तोच पक्ष्यांच्या घरट्यांचाही. बंगल्याच्या ओसरीत बसून कावळा, घार, बुलबुल, चिमणी यांच्याकडे बघून तो लिहायचा, आणि लिहायचा असं की वाचताना हसू फुटावं. त्याचं 'कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' 1900 साली निघालं. दुर्मिळ पक्ष्यामागे न धावता दारातल्याकडे बघणं ही कला त्याला अवगत होती. आजच्या कॅमेरेवाल्यांनी ती त्याच्याकडून उसनी घ्यायला हरकत नाही.

15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. एटकेन त्यांत होता. आठांतले दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील. मराठी माणसाला निसर्गाचं वेड साहेबाने लावलं असं कुणी म्हणालं की मी ही दोन नावं पुढे करते. सोसायटीचा संसार आधी फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत होता, नंतर अपोलो स्ट्रीटवर गेला. तिथे सोसायटीच्या सचिवाच्या खुर्चीमागे एक जिवंत महाधनेश पिंजऱ्यात असे. त्याचं नाव विल्यम. 1894 च्या मे महिन्यात जन्मलेलं हे पिल्लू कारवारहून आलं होतं आणि पुढे 1920 पर्यंत तिथेच राहिलं. सोसायटीच्या चिन्हावर आणि इमारतीच्या नावात आजही धनेशच आहे. धनेशाचं पिल्लू माणसाच्या हाती लागायचं तर ते उन्हाळ्यातच, हे मी वर सांगितलेल्या लिंपलेल्या ढोलीवरून कळेलच.

आता सुट्टीकडे येते.

सलीम अली जन्मले 1896 साली, मुंबईत. लहानपणीच आईवडील गेले, आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी दहा भावंडांतलं हे शेंडेफळ वाढलं. घर खातंपितं, मोठं, पोरांनी भरलेलं. सुट्टी लागली की हे सगळं बिऱ्हाड चेंबूरला हलायचं. चेंबूरला! आज तिथे तेलाचे कारखाने आणि मोनोरेलचे खांब आहेत, म्हणून मुलं फसकन हसतात. त्या काळी ते मुंबईकरांचं हवापालटाचं रान होतं. पहाटे अर्धवट झोपेत दयाळाची शीळ कानावर पडायची, ती आठवण या माणसाने म्हातारपणी आत्मचरित्रातही जपून ठेवली आहे.

मामा पट्टीचे शिकारी होते. त्यांनी भाच्याच्या हातात एअरगन दिली. 1906-07 च्या सुमारास या पोराने एक नोंद केली. चिमणीचा नर घरट्याबाहेर पहारा करत बसला होता, तो याने टिपला. मादीने थोड्याच वेळात दुसरा नर आणला. याने तोही टिपला. असं करत सात दिवसांत आठ नर मेले आणि दर खेपेला मादीला नवा जोडीदार मिळाला. नोंद इथेच संपते. दया नाही, पश्चात्ताप नाही, निव्वळ हिशेब. शिबिरात हे वाचून दाखवलं की मुली "ई, बाई!" करतात आणि मुलगे एअरगनची किंमत विचारतात. मला यात एकाच वेळी क्रूर पोरगा आणि उत्तम निरीक्षक दिसतो, आणि दोघांना वेगळं काढता येत नाही. सुट्टीच्या रिकामपणाशिवाय मात्र ही नोंद झाली असती असं मला वाटत नाही. एका घरट्यासमोर सलग सात दिवस बसायला शाळा बंदच असावी लागते.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही खायला चालेल का, असा त्याचा प्रश्न. मामांनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली. मिलार्डनी पाखरू ओळखलं, भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. त्यांत एटकेनचं मुंबईच्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. उरणच्या मिठागरावर फावल्या वेळात पिकलेलं शहाणपण असं या पोराच्या हाती पडलं. पीतकंठी चिमणी ही घरात शिरणारी चिमणी नव्हे. ती रानातल्या झाडाच्या भोकात, तेही ऐन उन्हाळ्यात, घरटं करते. कर्नाळ्याच्या वाटेवर ती अजून दिसते. गळ्यावरचा ठिपका इतका फिका असतो की मुलांना तो दिसेपर्यंत माझा घसा सुकतो.

सलीम अलींचं खरं मोठं काम मात्र सुट्टीत झालं नाही, बेकारीत झालं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना संग्रह दाखवून समजावण्याची त्यांची नोकरी होती. रजा घेऊन ते बर्लिनला श्ट्रेझमान या नामांकित पक्षीतज्ज्ञाकडे शिकायला गेले आणि 1930 साली परत आले तेव्हा ती जागाच पैशाअभावी रद्द झाली होती. पत्नी तेहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला एका छोट्या घरात राहायला गेले.  समुद्र, नारळी-पोफळी, कमी खर्च. मुंबईची सधन कुटुंबं जिथे हवा खायला यायची, तिथे हे जोडपं नाइलाजाने बाराही महिने राहायला लागलं. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी लपण उभारलं आणि पावसाळाभर ते त्या घरट्यांसमोर बसून राहिले.

त्यांना दिसलं ते असं. नर घरटं विणायला घेतो आणि अर्ध्यावर, शिरस्त्राणासारखा आकार झाला की थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून ओढून-ताणून पाहतात. एखादीला पसंत पडलं तर ती मुक्काम टाकते, आणि नर पुढची नळी विणून घरटं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा लगेच शेजारी दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. तोवर लोक त्या अर्धवट घरट्यांचे नाना तर्क लढवत होते, नराला झोका घ्यायला केलीत इथपर्यंत. 1931 साली हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. यातलं काहीही बंदुकीने कळलं नसतं. मेलेला नर कातड्याच्या पेटीत किती घरटी बांधली ते सांगत नाही. माझ्या मते आपल्याकडे बंदूक खाली ठेवून बघायला बसण्याची सुरुवात या किहीमच्या पावसाळ्यात आहे, जरी सलीम अली स्वतः पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारत राहिले आणि त्याचं समर्थनही करत राहिले.

त्याच 1930 च्या पावसाळ्याला आणखी एक बाजू आहे आणि ती पक्ष्यांच्या पुस्तकात येत नाही. किहीमहून खाडीपलीकडे, उरण तालुक्यात चिरनेर आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांची माणसं कुऱ्हाडी-कोयते घेऊन जंगलचा कायदा मोडायला गेली आणि गोळीबार झाला. मामलेदारही त्यात मेला. हुतात्म्यांमध्ये आगरी होते, कोळी होते, आणि नाग्या महादू कातकरी हा कातकरवाडीतला तरुण होता. चिरनेरला दर 25 सप्टेंबरला त्यांचा स्मृतिदिन होतो.

भांडण जुनं होतं. मुंबईला जळण हवं, कोळसा हवा, रेल्वेला लाकूड हवं, म्हणून सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली जंगलं राखीव केली. इथल्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या छाटून, पाला वाळवून राब भाजायचा असतो, त्याशिवाय भाताचं रोप जोर धरत नाही. कातकऱ्याला खैर हवा, कारण काथ काढणं हा त्याचा पिढीजात धंदा. 1885 साली नेमलेल्या मुंबईच्या जंगल कमिशनपुढे राबाच्या तक्रारींचा ढीग पडला होता. म्हणजे एप्रिल-मेमधलं हेच रान एकाच्या लेखी अंडी गोळा करायचं, दुसऱ्याच्या लेखी हवापालटाचं, आणि तिसऱ्याच्या लेखी पुढच्या वर्षीच्या भाताचं. पहिल्या दोघांच्या वह्या आपल्यापर्यंत पोचल्या.

कर्नाळ्याचा डोंगर या सगळ्याच्या मधोमध उभा आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की त्याचा अंगठा दिसायला लागतो. किल्ला जुना, निजामशाही, पोर्तुगीज, शिवाजी महाराज असे सगळ्यांच्या हातून गेलेला. 1657 साली महाराजांनी घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात गेला, 1670 साली पुन्हा स्वराज्यात आला. पायथ्याच्या शिरढोणला 1845 साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते. 1818 नंतर किल्ल्याला काही काम उरलं नाही आणि रानाने तो हळूहळू परत घेतला. सुळक्याच्या पोटात कोरलेली टाकी आहेत, वर कड्याला आग्या मोहोळं लटकतात. मे महिन्यात तिथे कुणी अत्तर लावून किंवा आरडाओरडा करत गेलं तर काय होतं ते दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात येतं. आमच्या शिबिरात म्हणून पावडरही बंद.

1968 साली इथे पक्षी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर. नुसत्या पक्ष्यांसाठी एवढासा डोंगर राखायचा ही कल्पना त्या वेळी अनेकांना खुळचट वाटली असणार. चार वर्षांनी, 1972 मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. 2003 साली कर्नाळ्याची हद्द वाढून बारा चौरस किलोमीटरवर गेली. महामार्ग मात्र रानाच्या पोटातूनच जातो, आणि त्याच्या रुंदीकरणावरून वर्षानुवर्षं कागद इकडून तिकडे फिरत राहिले. भृंगराज हा नकला करणारा पक्षी. सर्पगरुडाची शीळ, मांजराचं ओरडणं, काय वाटेल ते काढतो. ट्रकचा रिव्हर्स हॉर्न अजून त्याच्या तोंडून मी ऐकला नाही, एवढंच समाधान.

शिबिरांची पद्धत आपल्याकडे अभयारण्य झालं त्याच सुमारास रुजली. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 सालीच आलं होतं, त्यातली रंगीत चित्रं बघून सामान्य माणसालाही पक्षी ओळखता यायला लागला. 1960 पासून झफर फतेहअली यांनी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' चालवलं. सुरुवातीला सायक्लोस्टाइल केलेली साधी पानं, त्यांत कारकुनापासून लष्करी अधिकाऱ्यापर्यंत कुणीही आपल्या परसातलं लिहावं. मराठीत हे काम मारुती चितमपल्लींनी केलं, तेही वनखात्याच्या नोकरीत राहून. आदिवासींकडून आणि पारध्यांकडून पक्ष्यांची नावं, सवयी, समजुती टिपल्या आणि पक्षीकोश रचला. कर्नाळ्याच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा आहे. सोसायटीची शिबिरं, शाळांची निसर्गमंडळं, गिरिभ्रमणवाले यांच्यामुळे दादर-ठाण्याची पोरं मे महिन्यात मामाच्या गावाऐवजी रानात मुक्कामाला जायला लागली. आमच्या पहिल्या शिबिरांत सगळ्यांत मिळून एकच दुर्बीण असे. ती गळ्यात कुणाच्या, यावरून होणारी मारामारी सोडवण्यात माझा बराच वेळ गेला आहे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि त्यातून पक्ष्याचा आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणारे हौशी असतात. घरट्याच्या दिवसांत तो आवाज म्हणजे नराला वाटतं घरात चोर शिरला. अंडी सोडून तो भांडायला येतो. हा प्रकार मी शिबिरात चालू देत नाही, पालकांनी तक्रार केली तरी.

आमचा मुक्काम पायथ्याच्या एका गावातल्या शाळेत असतो. पहाटे रानात एक फेरी होते. दुपारी पोरं ओसरीत लोळतात, आंबे चोखतात, वह्या रंगवतात. खरा खेळ चारनंतर. ओढा तोवर आटलेला असतो, पण एका कातळाच्या सावलीत परातीएवढं पाणी शिल्लक राहतं. त्याच्यापासून वीसेक पावलांवर झुडपाआड बसायचं. हलायचं नाही, डास चावला तरी. आधी लालबुड्या बुलबुल येतात, धिटाईने, पंख पाण्यात आपटून निम्मं पाणी बाहेर उडवतात. मग सातभाई, त्यांचा कलकलाट म्हणजे बाकीच्यांना निरोपच की धोका नाही. सुभग येतो, पाणी पिऊन पळतो. टकाचोर आला की बारके पक्षी पांगतात, कारण त्याला त्यांची अंडी-पिल्लं गिळायची सवय. आणि स्वर्गीय नर्तक. पांढऱ्या नराची शेपटी हातभर लांब, दोन फितींसारखी. तो काठावर उतरून पाण्यात पाय घालत नाही. वरच्या फांदीवरून थेट खाली सूर मारतो, पोट पाण्याला लावतो न लावतो तोच पुन्हा फांदीवर. पिसं झटकतो, पुन्हा सूर. त्याचं घरटं ओढ्यावर झुकलेल्या बारीक फांदीच्या बेचक्यात असतं, कोळिष्टकांनी बांधलेलं, पेल्याएवढं. अंडी उबवायला नरही बसतो, आणि शेपटी त्या पेल्यात मावत नाही म्हणून बाहेर लोंबत राहते. ज्या पक्ष्याने ऐटीत मिरवायचं, तो असा ओशाळल्यासारखा बसलेला बघून पोरं खिदळतात. घरटं सापडलं की आम्ही लांबून बघून निघून येतो आणि जागा वहीत लिहीत नाही, कारण वह्यांचे फोटो निघतात आणि ते कुठेही पोचतात.

अशी घरटी हुडकायला मला शिकवलं कातकरवाडीतल्या एका मावशीने. तिला पक्षी दुर्बिणीशिवाय दिसतात. कुठल्या झाडावर कोण, अंडी घातली की पिल्लं निघाली, हे ती पक्ष्याच्या उडण्यावरून सांगते: तोंडात काही धरून सरळ रेषेत गेला तर पिल्लं आहेत, घोटाळत गेला तर अजून नाहीत. लहानपणी गलोल आणि फासे यांनीच तिच्या घरचं कोरड्यास व्हायचं. एअरगनवाल्या पोराने सात दिवसांत जे टिपलं, तसलं तिला आईकडून फुकट मिळालेलं होतं, पण कुठल्या नियतकालिकात गेलं नाही. 1972 नंतर तेच काम गुन्हा ठरलं. ठरायलाच हवं होतं असं मला वाटतं. पण ती यावर काय म्हणते तेही ऐकावं लागतं: रान आम्ही मारलं असतं तर तुम्हाला राखायला काय उरलं असतं?

अडचण अशी की मे महिन्यात ती वाडीवर नसते. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, कुणी कोळशाच्या भट्टीवर, आणि परततात ती मृगाच्या तोंडावर. जो महिना शहरातल्या पोरांना मोकळा, तोच तिच्या पोरांना कच्च्या विटा उलटण्याचा. एकदा तिच्या धाकट्याला शिबिरात घ्यायचं ठरलं, तर तो पेणकडच्या भट्टीवर निघाला.

म्हणून आम्ही शिबिराचे दोन भाग केले. मेमधलं आहे तसंच राहिलं. दुसरा भाग जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच्या एका रविवारी, वाडीतली मुलं आणि पनवेलची मुलं मिळून. दिवस बरोबर साधतो, कारण पहिल्या पावसाबरोबर भट्ट्या बंद होतात आणि त्याच पावसाबरोबर कर्नाळ्यात तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा जीव, पाठ निळी-जांभळी, पोट पिवळं, चोच आणि पाय लालभडक. मुंबईहून माणसं लाखांचे कॅमेरे घेऊन त्याच्यामागे येतात. ओढ्याच्या मातीच्या काठात तो बोगदा खणून अंडी घालतो आणि पिल्लांना पाली, सापसुरळ्या, बारके खेकडे भरवतो. मावशी आम्हाला लांबून बीळ दाखवते. कुठलं बीळ त्याचं आणि कुठलं खेकड्याचं हे ती तोंडाशी पडलेल्या मातीवरून ओळखते, आणि मुलांना हात आत घालू देत नाही, कारण त्यात सापही असतो. पहिल्या वर्षी फेरी संपल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, रोज किती धरलास?" भट्टीवरचा दर तिनेच सांगितला. त्यावर थोडी घासाघीस झाली आणि ती जिंकली. आता शिबिराच्या पावतीपुस्तकात तिचा रोज नाश्त्याच्या खर्चाच्या आधी लिहिलेला असतो, आणि दर जूनला ती तो वाढवून मागते.